कपाटाची किल्ली आधी द्या

प्रश्न : मुलगा यंदा बारावी सायन्स झाला. ६४ टक्के, सीईटीत ५८ पर्सेंटाइल. दिवसभर स्टँडजवळच्या मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात बसतो. दोनदा हाताला धरून घरी आणला. त्याचं स्क्रू-ड्रायव्हरचं किट मी कपाटात कुलूप लावून ठेवलंय. क्विक हील या अँटिव्हायरस कंपनीचे कैलास काटकर दहावी शिकून एवढे मोठे झाले, मग डिग्रीवर खर्च करण्यापेक्षा २० गुंठे विकून याला एखादं अ‍ॅप काढून द्यावं असं वाटतं. कोणत्या क्षेत्रातलं अ‍ॅप चालेल?
– एक पालक, सातारा जिल्हा

उत्तर : नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या कपाटापाशी अडखळले. ६४ टक्क्यांचं काय करायचं ते बघता येतं. कुलपाचं काय करायचं, ते आधी बोलू.

काटकरांचं नाव तुम्हीच काढलंत, तर त्यांची गोष्ट सुरुवातीपासून बघा. दहावीनंतर शिक्षण सुटलं आणि १९८५ मध्ये ते पुण्यात महिना ४०० रुपयांवर कामाला लागले. कुठे? रेडिओ-कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात! म्हणजे ज्या स्टुलावरून तुम्ही पोराला दोनदा उठवून आणलंत, जवळजवळ त्याच स्टुलावर काटकरांनी उमेदवारी केली. १९९० मध्ये १५ हजार रुपये घालून त्यांनी स्वतःचं दुकान टाकलं, तेही कॅल्क्युलेटर दुरुस्तीचंच. पुढे कॉम्प्युटर दुरुस्तीला यायला लागले, त्यात व्हायरस सापडायला लागले आणि ते काढता काढता अँटिव्हायरस तयार झाला. आधी गिऱ्हाईक, मग सॉफ्टवेअर. तुम्ही विचारताय ते नेमकं उलटं आहे.

राग मानू नका, पण मला वाटतं तुम्हाला दुकानाची लाज वाटते. ‘मुलाचं अ‍ॅप आहे’ हे लग्नकार्यात सांगायला बरं वाटतं, ‘मोबाइल रिपेअर करतो’ हे तितकं नाही. एकदा त्या दुकानात तासभर बसून बघा. माणूस येतो, ‘चार्जिंग होत नाही’ एवढंच सांगतो. आता केबल गेली, जॅक गेला, बॅटरी गेली की बोर्डावरची आयसी, म्हणजे चिप, हे मल्टिमीटर लावून एकेक बाद करत शोधायचं. तेही गिऱ्हाईक समोर उभं राहून ‘किती वेळ?’ विचारत असताना. भाव आधी सांगायचा. आठ दिवसांनी तोच फोन परत आला तर पैसे न घेता पुन्हा उघडायचा. हे त्याला कोणी न सांगता करावंसं वाटतंय, आणि तुम्ही लिहिताय ‘दिवसभर बसतो’.

आता दुसरा गैरसमज. हा तुमच्या एकट्याचा नाही, आठवड्याला दोन तरी पत्रांत असतो : शिक्षण सोडलेलेच मोठे होतात. क्विक हीलचा अँटिव्हायरस कैलासरावांनी लिहिला नाही, तो त्यांच्या धाकट्या भावाने, संजय काटकरांनी लिहिला. आणि संजयराव पुण्याच्या मॉडर्न कॉलेजात रीतसर कॉम्प्युटर सायन्स शिकले. त्यांचा कल इलेक्ट्रॉनिक्सकडे होता. कॉम्प्युटरच शीक, हा आग्रह दहावीवर थांबलेल्या थोरल्या भावाचा. ज्याचं शिक्षण सुटलं त्यालाच त्याची किंमत सर्वांत जास्त कळली, असं मला ही गोष्ट सांगताना दर वेळी वाटतं. पुण्यातच १९९० मध्ये पर्सिस्टंट ही सॉफ्टवेअर कंपनी सुरू करणारे आनंद देशपांडे आयआयटी खरगपूरचे, वर अमेरिकेतून पीएचडी. गूगल काढणारे दोघे स्टॅनफर्डमध्ये पीएचडी करत होते. राहता राहिले बिल गेट्स. त्यांनी १९७५ मध्ये हार्वर्ड सोडलं खरं, पण शाळेत असताना, १९६८ पासून ते कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहीत होते. सात वर्षांची तयारी घेऊन बाहेर पडलेला मुलगा तो.

गुंठे विकू नका. टपरी काढून देतात तसं अ‍ॅप काढून देता येत नाही. बनवून देणारे शंभर भेटतील, पैसे मोजून घेतील आणि अ‍ॅप देतीलही. ते कोण वापरणार, बिघडलं तर कोण नीट करणार, सर्व्हरचं भाडं दर महिन्याला कुठून येणार, हे प्रश्न मात्र तुमच्या अंगणात राहतील. काटकरांकडे सिकोया या गुंतवणूक कंपनीचे ६० कोटी आले ते २०१० मध्ये, कंपनी शेअर बाजारात गेली २०१६ मध्ये. ४०० रुपयांच्या त्या नोकरीपासून मोजा, ३१ वर्षं होतात. तुम्ही अठरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर पहिल्याच दिवशी जमिनीचं ओझं ठेवताय. धंदा बसला तर तो घरात मान वर करून जेवेल का?

प्रवेशाचं थोडक्यात : बारावी सायन्सवर इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, तिथून पुढे इंजिनिअरिंगचं थेट दुसरं वर्षही मिळू शकतं, प्रोग्रामिंगची ओढ असेल आणि बारावीला गणित असेल तर बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स. यातलं काय, ते त्याला विचारून. तुमच्या पत्रात तुमचं मत आहे. त्याचं एक वाक्य नाही.

किट आजच परत द्या, भाषण न करता. घरात एखादा बंद पडलेला फोन असेलच, तो घेऊन दुकानात जा आणि तुमच्यासमोर त्याला उघडू द्या. आणि पुढचं पत्र त्याने लिहावं. दोन ओळी असल्या तरी चालतील.