झी-वेव्हमधले घोस्ट नोड: काढण्याआधी कोण मेलंय ते बघा

तुम्ही लिहिलंय की हबवर नवं सॉफ्टवेअर चढवल्यापासून झी-वेव्हच्या (घरातली डिव्हाइस बिनतारी जोडणारं नेटवर्क) यादीत १७, १८ आणि ३१ असे तीन 'अननोन' नोड (जोडलेलं प्रत्येक डिव्हाइस म्हणजे एक नोड) दिसताहेत. पहिले दोन 'डेड', तिसरा 'अस्लीप'. 'रिमूव्ह फेल्ड' (बंद पडलेला नोड काढा) दाबलं की एरर येते आणि दिवे कधी लगेच लागतात, कधी चार-पाच सेकंदांनी. वरच्या उत्तरांत दोघांनी हब फॅक्टरी रीसेट करायला सांगितलंय. ते कृपया करू नका. रीसेट झालं की होम आयडी (नेटवर्कची ओळख) बदलतो आणि घरातलं एकूण एक डिव्हाइस आधी एक्सक्लूड (जुन्या नेटवर्कमधून मोकळं) करून पुन्हा जोडावं लागतं. दोन नोडसाठी एवढा उपद्व्याप कशाला?

दोन म्हणतोय, कारण माझ्या मते ३१ हा घोस्ट, म्हणजे यादीत उरलेला पण प्रत्यक्षात नसलेला नोड, नाहीच.

आधी हे लक्षात घ्या की याद्या दोन असतात. एक अ‍ॅपमधली, जिथे तुम्ही नावं दिलीत, खोल्या ठरवल्यात. दुसरी कंट्रोलरच्या, म्हणजे हबच्या झी-वेव्ह स्टिकच्या, चिपच्या मेमरीत. नेटवर्क चालतं ते दुसरीवर. अ‍ॅपमधून एखादं डिव्हाइस डिलीट केलं की अनेकदा फक्त पहिल्या यादीतून जातं, ते काढल्याचं चिपला कळतही नाही. जुनं सॉफ्टवेअर हे उरलेले नोड दाखवत नसावं. नव्याने थेट चिपची यादी वाचली आणि सगळे बाहेर आले. म्हणजे ते आज जन्मले नाहीत, आज दिसले.

आता तुमचे आकडे बघा. १७, १८ अननोन आणि १९ हा व्यवस्थित चालणारा डिमर. नोड आयडी साधारण चढत्या क्रमाने मिळतात. चालत्या डिव्हाइसच्या लगेच आधीचे सलग दोन नंबर रिकामे दिसले, की तो डिमर जोडताना दोनदा इन्क्लूजन (नेटवर्कमध्ये सामील करणं) अर्धवट राहिलं असणार. सुरक्षित इन्क्लूजनमध्ये पिन टाकायला उशीर झाला, मध्येच कॅन्सल केलं, डिमर हबपासून फार लांब होता, यातलं काहीही. चिपने नंबर देऊन टाकला, पण पुढची माहिती आलीच नाही. मग डिमरचं बटण दाबून धरून तो रीसेट केला आणि पुन्हा जोडला. दर खेपेला नवा नंबर, जुना तसाच पडून.

३१ चं तसं नाही. बॅटरीवरचं डिव्हाइस झोपलेलं असतं, ठरावीक वेळाने क्षणभर जागं होतं. कित्येक सेन्सरांमध्ये हे अंतर काही तासांचं असतं. नव्या सॉफ्टवेअरला जुनी माहिती मिळाली नाही, त्यामुळे ते जागं होऊन स्वतःबद्दल सांगेपर्यंत 'अननोन'च राहणार. दाराखिडक्यांचे सेन्सर हबच्या जवळ आणा, त्यांचं वेक-अप बटण दाबा (कुठलं आणि किती वेळा ते मॅन्युअलमध्ये असतं), मग पुन्हा इंटरव्ह्यू करा, म्हणजे हबला त्यांची माहिती विचारायला लावा. ३१ ला नाव-गाव मिळालं तर विषय संपला.

दिवे उशिरा का लागतात, तेही यातच आहे. सॉफ्टवेअर १७ ला काहीतरी विचारतं. चिप आधी थेट पाठवते, उत्तर नाही. मग शेजारच्या रिपीटरांमार्फत (संदेश पुढे पोचवणारी डिव्हाइस) वेगवेगळे रूट करून बघते. एका रूटमध्ये जास्तीत जास्त चार रिपीटर चालतात. तरीही नाही, म्हणून शेवटी 'कुणाला १७ दिसतोय का' अशी हाळी सगळ्या जाळ्यात घालते. या सगळ्यात काही सेकंद जातात आणि तेवढ्यात तुम्ही दाबलेला दिवा रांगेत उभा असतो. लॉग उघडून बघा: दिवा अडकला त्याच्या लगेच आधी १७ किंवा १८ ला पाठवलेला संदेश आणि 'नो अ‍ॅक' (पोच आली नाही) दिसायला हवं. ते दिसलं नाही तर उशीराचं कारण दुसरं आहे आणि पुढचं सगळं करूनही फरक पडणार नाही.

काढण्याचा क्रम असा. आधी चिपच्या मेमरीचा, म्हणजे एनव्हीएमचा बॅकअप घ्या. मग १७ ला पिंग करा, म्हणजे उत्तर येतं का बघायला छोटा संदेश पाठवा. उत्तर आलं तर तो घोस्ट नाही, कुठलं तरी खरं डिव्हाइस त्या नंबरावर बसलंय. ते शोधा आणि याच हबवरून रीतसर एक्सक्लूड करा, नंबर आपोआप सुटेल. उत्तर आलं नाही तर 'रिमूव्ह फेल्ड' चालवा. तुम्हाला एरर येते कारण चिप स्वतःच्या 'फेल्ड' यादीत नसलेला नोड काढू देत नाही, आणि संदेश प्रत्यक्षात फसल्याशिवाय नोड त्या यादीत जात नाही. म्हणून पिंग, तो फसेपर्यंत थांबणं, लगेच रिमूव्ह. पहिल्या फटक्यात होईलच असं नाही, चिकाटी ठेवा. नंतर १८.

हटून बसलाच तर दुसरी यूएसबी स्टिक सेकंडरी कंट्रोलर म्हणून जोडून सिलिकॉन लॅब्सच्या पीसी कंट्रोलर प्रोग्रॅममधून काढता येतो. पण ती पाळी सहसा येत नाही.

नोड गेल्यावर लोक हमखास विसरतात ती गोष्ट म्हणजे असोसिएशन: डिव्हाइसने थेट कुणाला संदेश पाठवायचा याची त्याच्यातच असलेली यादी, तिला ग्रुप म्हणतात. एखाद्या स्विचच्या ग्रुपमध्ये १७ लिहिलेला राहिला असेल तर तो स्विच स्वतःहून १७ ला संदेश पाठवतच राहील. यादीत नोड नाही, पण ट्रॅफिक आहे. प्रत्येक डिव्हाइसचे ग्रुप उघडून जुने नंबर पुसा. त्यानंतर रूट रीबिल्ड (संदेशांचे रस्ते नव्याने ठरवणं) करायचं तर जे डिव्हाइस अजून रेंगाळतंय त्याचंच करा. अख्ख्या नेटवर्कचं रीबिल्ड चालत्या जाळ्यावर करण्यात मला अर्थ वाटत नाही, घोस्ट असताना तर नाहीच.

कुणीतरी झिगबीचा (असंच दुसरं बिनतारी नेटवर्क) 'फोर्स रिमूव्ह' सुचवलाय, तो इथे लागू नाही. तिथे डिव्हाइस त्याच्या कायमच्या ६४ बिटी पत्त्याने ओळखलं जातं, त्यामुळे पुन्हा जोडलं तर जुन्याच नोंदीवर येतं. आणि फोर्स रिमूव्हने फक्त नोंद जाते. डिव्हाइसकडे नेटवर्कची किल्ली तशीच राहते, ते परत डोकावू शकतं.

सफाई झाली की लगेच एनव्हीएमचा नवा बॅकअप घ्या आणि नेटवर्क आठवडाभर नीट चाललं की आधीचा फेकून द्या. त्या जुन्या फाइलमध्ये १७ आणि १८ अजून आहेत. उद्या स्टिक बदलताना चुकून ती रिस्टोअर झाली तर दोघेही परत हजर होतील, आणि मधल्या काळात जोडलेलं नवं डिव्हाइस मात्र यादीत नसेल.