स्पेलिंग चुकलंय की नुसतं म्हातारं झालंय?

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत कोर्टाचे जुने कागद सापडले, साधारण १९२० च्या पुढचे-मागचे. इंग्रजी टाइप केलेलं आहे, त्यात ‘जेल’चं स्पेलिंग जी-ए-ओ-एल आणि ‘शो’चं एस-एच-ई-डब्ल्यू. नातू म्हणतो टायपिस्टला इंग्रजी येत नव्हतं. खरंय का?
— एक निवृत्त शिक्षक, शनिवार पेठ, सातारा

सर, त्या टायपिस्टला काही बोलू नका, त्याला नातवापेक्षा चांगलं इंग्रजी येत असणार. जेल हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला आणि दोनदा आला, एकदा नॉर्मंडीकडच्या बोलीतनं आणि एकदा पॅरिसकडच्या. लोकांच्या तोंडात पॅरिसवाला उच्चार बसला पण सरकारी कागदावर नॉर्मंडीवालं स्पेलिंग राहिलं, म्हणून लिहायचं जी-ए-ओ-एल आणि वाचायचं जेलच. ब्रिटिश राजवटीतल्या कागदांत हे सर्रास सापडतं. एवढंच की ओ आणि ए ची अदलाबदल झाली की फुटबॉलचा गोल होतो, आणि तशा गमती छापूनही आलेल्या आहेत.

एस-एच-ई-डब्ल्यूचं तर अजून भारी आहे. एकोणिसाव्या शतकापर्यंत हे नेहमीचं स्पेलिंग होतं, उच्चार तेव्हाही ‘शो’च. पटत नसेल तर शिवणकामाचा ‘सो’ बघा, एस-ई-डब्ल्यू, तो अजून तसाच आहे आणि त्याला कुणी नावं ठेवत नाही. बाकीच्यांनी सोडलं तरी वकिलांनी ते धरून ठेवलं, कारण अर्जाचा मसुदा नवा कोण लिहितंय, जुन्यावरनंच उतरवायचा! आजही आपल्याकडच्या पिटिशनमध्ये सुरुवातीला ‘मोस्ट रिस्पेक्टफुली शोवेथ’, म्हणजे ‘अत्यंत आदरपूर्वक दाखवून देतो की’, असतंच, ते शेवटचं ‘एथ’ पण त्याच जमान्यातलं. कागद नीट बघितलेत तर ‘टुडे’च्या मधे आडवी रेघ आणि ‘कनेक्शन’मध्ये एक्स पण सापडेल बहुतेक. कागद जपून ठेवा, लॅमिनेट मात्र करू नका.

प्रश्न : आमच्या ऑफिसात जावक रजिस्टरवर डी-ई-एस ने सुरू होणारं ‘डिस्पॅच’ आहे. नवीन साहेब म्हणतात डी-आय-एस करा. रबरी शिक्के पण बदलायचे का?
— एक लिपिक, सांगली

शिक्के राहू देत. ही भानगड सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या डिक्शनरीतली. हा माणूस स्वतः लिहिताना आयच वापरायचा, पण डिक्शनरीत छापून आलं ई, आणि पुढं डिक्शनरीत आहे म्हणजे बरोबरच असणार म्हणून लोकांनी ते उचललं. ब्रिटिश सरकारी कचेऱ्यांत ते रुजलं आणि तिथनं आपल्याकडं आलं. मूळ शब्दाच्या हिशोबानं आय जास्त बरोबर, पण चूक म्हणण्याची मुदत कधीच संपली. साहेबांना सांगा दोन्ही चालतं. तरी ऐकले नाहीत तर नवीन शिक्का करून टाका, स्पेलिंगवरनं साहेबाशी कोण भांडतंय.

प्रश्न : मुलीनं ‘कलर’ यू न घालता लिहिला म्हणून बाईंनी मार्क कापले. कॉम्प्युटर तर तेच बरोबर दाखवतो.
— एक आई, विश्रामबाग, सांगली

ताई, कॉम्प्युटरची भाषा अमेरिकन इंग्लिश असणार, सेटिंगमध्ये जाऊन ब्रिटिश किंवा इंडियन करा, निम्मं भांडण तिथंच मिटेल. यू ठेवायचा की नाही यावर पूर्वी इंग्लंडातही एकमत नव्हतं. जॉन्सननं ठेवला, आणि त्यानं ‘म्युझिक’च्या शेवटी के पण ठेवला होता, तो के पुढं इंग्रजांनीच टाकून दिला. अमेरिकेत नोआ वेबस्टरनं १८०६ आणि १८२८ च्या डिक्शनऱ्यांत यू काढला आणि तो निघाला. पण त्यानं ‘टंग’चं टी-यू-एन-जी आणि ‘विमेन’चं डब्ल्यू-आय-एम-एम-ई-एन असंही सुचवलेलं, ते अमेरिकनांनीही घेतलं नाही. म्हणजे डिक्शनरीवाला सांगेल तेच होतं असंही नाही. आणि अमेरिकेच्या १७८७ च्या संविधानात ‘चूज’ हा शब्द सी-एच-यू-एस-ई असा लिहिलाय, आज मुलीनं तसा लिहिला तर तिथल्या बाई पण लाल पेन काढतील!

शाळेच्या पुस्तकात ब्रिटिश पद्धत आहे तर पेपरात तीच लिहायला सांगा, बाईंचं चुकलं नाही. माझं मत विचाराल तर मार्क न कापता नुसती खूण करून भागलं असतं. एकाच निबंधात एक ‘कलर’ यूवाला आणि दुसरा बिनयूचा असेल तर मात्र कापावेत.

प्रश्न : ‘थ्रू’ टी-एच-आर-यू आणि ‘नाइट’ एन-आय-टी-ई हे आमच्या मोबाइलवाल्या पिढीनं आणलं का?
— एक विद्यार्थी, कराड

नाही रे बाबा, तुमच्या पणजोबांच्या वेळचं आहे. १९०६ साली अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी छापखान्याला ३०० शब्दांची सोपी स्पेलिंगं वापरायचा हुकूम दिला होता, त्यात ‘थ्रू’ होता. तिथल्या काँग्रेसनं, म्हणजे संसदेनं, विरोध केला, पेपरवाल्यांनी टिंगल केली, हुकूम बारगळला. मग शिकागो ट्रिब्यून या पेपरानं १९३४ पासून स्वतःच असली स्पेलिंगं चालवली आणि १९७५ ला नाद सोडला. ढाब्याच्या बोर्डावर चालतंय, नोकरीच्या अर्जात नको.

प्रश्न : जुन्या इंग्रजी पुस्तकांत साताऱ्याला दोन टी आणि मराठ्यांच्या मधेच एच का घातलाय?
— एक वाचक, वाई

तेव्हा ज्याच्या कानाला जसं ऐकू येईल तसं तो लिहायचा. ग्रँट डफ हा साताऱ्यात राहिलेला ब्रिटिश अधिकारी, त्याच्या १८२६ च्या मराठ्यांच्या इतिहासाच्या नावातच तो मधला एच आहे. पुढं आपली नावं इंग्रजी अक्षरांत लिहायची विल्यम हंटरची ठरलेली पद्धत आली आणि १८८५ च्या गॅझेटियरवर सातारा एका टीनं छापला गेला, पुण्याचं मात्र ‘पूना’च राहिलं. जुनी पुस्तकं ऑनलाइन शोधत असाल तर दोन टी घालून पण सर्च करा, एका टीनं निम्मी पुस्तकं दिसतच नाहीत.