केरळात जास्त, बिहारात कमी: मृत्युदर ताडायचा कसा?

प्रश्न: बारशाच्या पंगतीत वाद पेटला. मेव्हणे म्हणाले, कोविडमध्ये केरळात सुमारे ७२ हजार माणसं गेली, बिहारात १२ हजारांच्या आसपास, आणि बिहारची लोकसंख्या तर केरळच्या तिपटीहून जास्त. मी म्हटलं, कोविडचे आकडे सोडा, एकूण मृत्युदर बघा. त्यांनी लगेच मोबाइल पुढे केला: केरळ हजारी ७, बिहार साडेपाचच्या आतबाहेर. मी गप्प. मग केरळच्या आरोग्यव्यवस्थेचं कौतुक हा नुसता बोभाटाच का?
— एक वाचक, विटा

उत्तर: तुम्ही मुद्दा बरोबर काढलात, पण अर्ध्यावर सोडलात. एकूण मृत्यूच बघायचे. मात्र केरळचे बिहारशी नाही, केरळचे केरळच्याच आधीच्या चार-पाच वर्षांशी ताडून.

मेव्हण्यांनी दाखवलेला फरक साथीच्या आधीपासूनचा आहे. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेली माणसं केरळात १२.६ टक्के होती, महाराष्ट्रात ९.९ आणि बिहारात ७.४. म्हातारे जास्त तिथे वर्षाला मरणारेही जास्त, यात व्यवस्थेचा दोष नाही. उलट लोक म्हातारे होईपर्यंत जगले हे तिचंच श्रेय. हा हजारी दर नमुना नोंदणीतून निघतो. ठरावीक गावं-वस्त्या निवडून घरोघर विचारतात, म्हणून तो बऱ्यापैकी भरवशाचा असतो.

नागरी नोंदणीचं, म्हणजे कचेरीत जन्म-मृत्यू कळवून होणाऱ्या नोंदीचं, तसं नाही. माझी नोकरी जिल्ह्याला बसून जन्म-मृत्यूचे मासिक गोषवारे तपासण्यात गेली. १९६९ च्या कायद्याने मृत्यू २१ दिवसांत कळवणं सक्तीचं आहे. पण माणूस कायद्याच्या धाकाने येत नाही, दाखला अडला की येतो. सातबाऱ्यावर वारस लावायचे असतात, विम्याचे पैसे अडकलेले असतात, फॅमिली पेन्शन सुरू करायची असते. जिच्या नावावर ना जमीन ना पासबुक, अशा सासूचा दाखला कोणाला लागतो? ग्रामसेवकाच्या रजिस्टरात पानभर बाप्यांची नावं आणि मध्येच एखादी बाई, असं दिसलं की मी गोषवारा परत पाठवायचो. ‘पुन्हा चौकशी करून पाठवावा.’ महिन्याने तोच आकडा परत यायचा, फक्त खाली सही नवी. २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी सुमारे ६० टक्के पुरुषांचे होते, यात मला काही नवल वाटलं नाही.

केरळात जवळजवळ प्रत्येक मृत्यू नोंदला जातो. बिहारात साथीआधी निम्म्याच्या आसपास, काही वर्षी त्याहूनही कमी. त्यात मृत्यूचं कारण डॉक्टरने लिहून दिलंय अशा नोंदी देशभरात २०२० साली शेकडा २२-२३. घरीच गेलेल्या, चाचणीच न झालेल्या माणसापुढे ‘कोविड’ लिहिणार कोण? जून २०२१ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाच्या दट्ट्यामुळे बिहारने फेरतपासणी केली, तेव्हा साडेपाच हजारांच्या आतला आकडा एका दिवसात ९,४२९ झाला. केरळनेही मागाहून हजारो मृत्यू यादीत घातले, हेही मेव्हण्यांना सांगायला हरकत नाही.

आता खरी तुलना. केरळात २०२० साली नोंदलेले एकूण मृत्यू २०१९ पेक्षा कमी भरले. ऐन साथीच्या वर्षात! रस्ते ओस, अपघात घटलेले, आणि साथ तोवर आटोक्यात. महाराष्ट्रात त्याच वर्षी ६.९ लाखांवरून ८.१ लाखांवर गेले. आपला त्या वर्षाचा अधिकृत कोविड आकडा पन्नास हजारांच्या आत होता. वरचे सगळे कोविडचेच असं मी म्हणणार नाही. डायलिसिस चुकलेले, छातीत कळ येऊनही दवाखान्यात जायला घाबरलेले असेही त्यात आहेत. पण साथ नसती तर त्यांतले कितीतरी वाचले असते, म्हणून तेही हिशेबात धरायचे.

२०२१ मध्ये केरळचेही मृत्यू उसळले. त्या वर्षी जून-जुलैत झालेल्या रक्तचाचण्यांच्या सर्वेक्षणात केरळात प्रतिपिंडं (लागण होऊन गेल्याची किंवा लशीची रक्तातली खूण) आढळलेले ४४.४ टक्के निघाले, मध्य प्रदेशात ७९. म्हणजे केरळात साथ उशिरा पसरली, टळली नाही. देशभरात नोंदलेले मृत्यू २०१९ मध्ये ७६.४ लाख, २०२० मध्ये ८१.२ लाख आणि २०२१ मध्ये एक कोटी दोन लाख. तेव्हा केरळचं २०२० चं कौतुक रास्त, २०२१ चं जरा हात राखून करा. बिहारात नोंदणीच सुधारत चालली होती, त्यामुळे मरणं वाढली किती आणि नोंदी वाढल्या किती हे सुटं करणं अवघड. त्याचा नंबर लावायच्या भानगडीत मी पडत नाही.

प्रश्न: आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी २०२१ मध्ये शेजारच्या तालुक्यांच्या कितीतरी पट मृत्यू नोंदले गेले. शहरात राहणंच धोक्याचं होतं का?
— एक वाचक, जिल्हा सातारा

उत्तर: नाही हो. मृत्यूची नोंद तो जिथे घडला तिथे होते, राहत्या गावी नाही. ऑक्सिजनसाठी तालुक्यातून हलवलेला पेशंट शहराच्या रजिस्टरात गेला, आणि त्याचं गाव कागदावर सुखरूप राहिलं. मृताचा कायमचा पत्ता फॉर्मवर असतो, तो लावून गावनिहाय गोषवारा काढता येतो, पण मागितल्याशिवाय कोणी काढत नाही. माहिती अधिकारात २०१५ पासूनचे महिनावार आकडे मागा. अर्जात ‘मृत्यूच्या तारखेनुसार’ असं स्पष्ट लिहा. नाहीतर नोंदणीच्या तारखेनुसार आकडे हातात पडतील, आणि टाळेबंदीत कचेऱ्या अर्धवट चालू होत्या त्या एप्रिल २०२० मध्ये तुमच्याकडे फारसं कोणी मेलंच नाही असं दिसेल.