पेट्रोल पिकअपला डिझेल इंजिन बसवायचंय, कुठलं घेऊ?

प्रश्न : नमस्कार सर, माझ्याकडे १९८४ ची शेव्हरोले के-२० पिकअप आहे, फोर बाय फोर. ५.७ लिटर पेट्रोल व्ही-८, टर्बो ४०० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, पुढच्या-मागच्या ॲक्सलला ४.१० चा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.१० फेरे), ३१ इंची टायर. बॉडी एकदम चांगली आहे पण इंजिन ऑईल खायला लागलंय. अधूनमधून ट्रेलर ओढायचा असतो म्हणून डिझेल टाकायचं मनात आहे. सगळे म्हणतात कमिन्सचं ५.९ लिटर डिझेल इंजिन टाक, दुसरं काही बघूच नको. इंजिन आणि ते गिअरबॉक्सला जोडायची अडॅप्टर प्लेट घेतली की भागेल ना?

उत्तर : नाही भागणार. कमिन्स इंजिन म्हणून जबरदस्त आहे, त्यात वादच नाही, पण तुम्ही फक्त इंजिन बघताय आणि माझं म्हणणं आहे आधी बाकीची गाडी बघा. ते इंजिन ५०० किलोच्या आसपास भरतं, तुमचं पेट्रोलचं साधारण २६०, म्हणजे पुढच्या पाट्यांवर सव्वादोनशे किलोहून जास्त वजन एकदम वाढलं. पाटे बदला, शॉकअप बदला, स्टिअरिंग जड होणार ते वेगळंच.

पण खरी अडचण रेशोची आहे आणि ती गाडी चालू झाल्यावरच लक्षात येते. टर्बो ४०० ला ओव्हरड्राइव्ह, म्हणजे हायवेला इंजिनाचे आरपीएम कमी ठेवणारा वरचा गिअर, नाही, टॉप गिअर म्हणजे सरळ एकास एक. ३१ इंची टायर ताशी १०० किमीला मिनिटाला साधारण ६७० वेळा फिरतो, त्याला ४.१० ने गुणा, इंजिन पावणेतीन हजार आरपीएमवर. पेट्रोलला याचं काहीच वाटत नाही. पण १९८९ ला डॉजच्या पिकअपमध्ये जे कमिन्स आलं ते १६० हॉर्सपॉवर देतं तेच २,५०० आरपीएमला, म्हणजे हायवेवर तुम्ही १०० ला पोचायच्या आधीच गव्हर्नर (आरपीएमवर मर्यादा घालणारी यंत्रणा) आडवा येणार. मग एकतर ओव्हरड्राइव्हवाला गिअरबॉक्स नाहीतर रेशो खाली आणा, आणि फोर बाय फोर आहे म्हणजे पुढचा-मागचा दोन्ही बदलायचे, एकच बदलून फोर व्हील टाकलंत तर पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसचं वाटोळं.

म्हणून तुमच्या गाडीसाठी मी जीएमचंच, म्हणजे शेव्हरोलेच्या मूळ कंपनीचं, ६.२ लिटर डिझेल सुचवेन. १९८२ पासून याच पिकअपमध्ये कंपनीच ते बसवून देत होती. बेलहाउसिंगचे (गिअरबॉक्स इंजिनाला जिथे जोडतो तिथले) बोल्ट तुमच्या व्ही-८ सारखेच जुळतात, अडॅप्टर प्लेटची भानगडच नाही, गव्हर्नर ३,६०० च्या आसपास त्यामुळे ४.१० चालून जातो. डिझेल पंप पूर्ण मेकॅनिकल, वायरिंग थोडकंच. ताकद मात्र १३० ते १५० हॉर्सपॉवर, टर्बो नाही, जड ट्रेलर घेऊन घाट चढताना मागच्याला रस्ता द्यावा लागेल हे आत्ताच मान्य करून टाका. रोजच जड ट्रेलर असेल तर मग कमिन्सच, पण रेशो आणि गिअरबॉक्सचा खर्च धरून.

सुटं इंजिन घेऊ नका, सडलेली का असेना पण अख्खी डिझेल पिकअप घ्या. कारण पेट्रोल इंजिनात थ्रॉटलची झडप हवा अडवते म्हणून व्हॅक्यूम तयार होतो आणि तुमचा ब्रेक बूस्टर (ब्रेक हलका करणारा भाग) त्यावरच चालतो. डिझेलमध्ये हवा मोकळी जाते, कमी-जास्त होतं ते डिझेल, मग व्हॅक्यूम येणार कुठून? ब्रेक दगडासारखा लागतो. डिझेल गाडीत हायड्रोबूस्ट, म्हणजे ऑईलच्या दाबावरचा ब्रेक बूस्टर, मिळाला तर तो पॉवर स्टिअरिंगच्या पंपावर चालतो, उचलून इकडे लावायचा. टर्बो ४०० ला पण गिअर कधी टाकायचा हे ठरवायला व्हॅक्यूम लागतो, त्यासाठी व्हॅक्यूम पंप आणि डिझेल पंपावरचा छोटा व्हॉल्व्ह दोन्ही काढून घ्या, हा व्हॉल्व्ह लोक हमखास विसरतात आणि मग गिअरबॉक्सला दोष देत बसतात. शिवाय दोन बॅटऱ्यांचे ट्रे, मोठा रेडिएटर, हीटर प्लगचा (थंड इंजिन चालू करताना आतली हवा तापवणारा प्लग) रिले, टाकीची रिटर्न लाईन, सगळं एका जागी मिळतं.

घेताना इंजिनाखालचा ऑईल चेंबर खोलून मेन बेअरिंगच्या बोल्टपाशी ब्लॉकला बारीक चीर आहे का बघा, हा या इंजिनाचा जुना आजार आहे. क्रँकच्या पुढच्या बॅलन्सरचं (क्रँकची थरथर शोषणारी पुली) रबर फुगलंय किंवा तडकलंय का तेही बघा, ते गेलं तर क्रँक तुटू शकतो. जुने हीटर प्लग जपून काढा, टोक फुगलेलं असतं आणि तुटून आत पडलं तर हेड उतरवावं लागतं.

टाकी पूर्ण उतरवून धुवायची, राहिलेल्या पेट्रोलवर डिझेल ओतायचं नाही, पंपाला वंगण डिझेलचंच असतं. पहिल्या स्टार्टला लाईनमध्ये एअर असणारच, नोझलचे नट सैल करून एअर काढा, तोवर सेल्फ सलग मारत बसू नका, जळेल.

आणि कागद. अमेरिकेत ईपीए या पर्यावरण संस्थेचं म्हणणं असं की गाडी त्याच सालच्या किंवा नंतरच्या मंजूर मॉडेलसारखी झाली पाहिजे, त्यामुळे १९८४ किंवा नंतरच्याच के-२० मधलं इंजिन आणि त्याचं सगळं सामान घ्या. राज्याचे नियम वेगळे असतात, इंजिन घ्यायच्या आधी विचारून घ्या.

प्रश्न : ॲव्हरेज वाढून खर्च वसूल होईल का?

उत्तर : अधूनमधून चालवणार असाल तर नाही. तेवढ्यासाठी करत असाल तर आहे तेच ५.७ बांधून घ्या, स्वस्तात पडेल आणि गाडीतलं दुसरं काही हलवावं लागणार नाही.