वाचकांचे प्रश्न : सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर गोल्फ

प्रश्न : जूनमध्ये मुलीकडे एडिनबराला जातो आहे. सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्स या गोल्फ मैदानावर खेळायची फार इच्छा आहे. हँडिकॅप 18 (म्हणजे ठरावीक फटक्यांपेक्षा साधारण 18 जास्त लागतात). पुण्यात वेजने (चेंडू उंच उडवणाऱ्या क्लबने, म्हणजे काठीने) मारलेला चेंडू ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) पडून थांबतो, तिथे थांबत नाही म्हणतात. मग खेळायचं कसं? (एक वाचक, पुणे)

उत्तर : चेंडू थांबत नाही याचं कारण जमिनीतच आहे. समुद्र मागे हटला, वाऱ्याने वाळू साचवली आणि त्या वाळूवर बारीक फेस्क्यू गवत उगवलं. इथले चढउतार कुणी कागदावर आखलेले नाहीत. पाणी लगेच झिरपतं, त्यामुळे उन्हाळ्यात जमीन टणक होते. आपल्याकडच्या दाट बर्म्युडा गवतावर चेंडू किंचित उचललेला बसतो. इथे तो जवळजवळ उघड्या जमिनीवर असतो. त्याच्याखाली वेज घालायला गेलात तर क्लबचा तळ जमिनीवर आपटून उसळतो, पात्याची कड चेंडूच्या मध्यावर बसते आणि चेंडू ग्रीन ओलांडून पलीकडे जातो. पहिल्या होलला, म्हणजे अठरा टप्प्यांपैकी पहिल्याला, तर ग्रीनच्या अगदी पुढ्यात स्विल्कन ओढा आहे. तिथे फटका आखूड पडून चालत नाही.

म्हणून 30-40 यार्डांच्या आत 7 किंवा 8 नंबरचं आयर्न (धातूच्या पात्याचा क्लब) घ्या. चेंडू उजव्या पावलासमोर, वजन डाव्या पायावर, हात चेंडूच्या किंचित पुढे, मनगटं शांत. पटरसारखाच (चेंडू घरंगळवायच्या क्लबसारखाच) फटका. भोकातल्या झेंड्याकडे न बघता चेंडू पहिला टप्पा कुठे घेणार ती सपाट जागा निवडा. पुढचं काम उतार करतो. मध्ये बंकर (वाळूचा खड्डा) किंवा उंचवटा नसेल तर 20 यार्डांवरून सरळ पटरच घ्या. फक्त सकाळी दव असताना नको, चेंडू निम्म्या वाटेत अडतो.

समोरून वारा असेल तर जोर लावू नका. जोराने बॅकस्पिन (चेंडूची उलटी फिरकी) वाढतो आणि चेंडू वर चढून जागच्या जागी पडतो. एक-दोन क्लब मोठा घ्या, मूठ इंचभर खाली धरा, पाऊण स्विंग करा. वारा पाठीशी असेल तर चेंडू ग्रीनच्या 15-20 यार्ड अलीकडे टाका.

टीवरून (होलच्या सुरुवातीच्या जागेवरून) शंका आली की डावीकडे मारा. जाताना (पहिली नऊ होल) उजवीकडे काटेरी गॉर्सची झुडपं आहेत, आणि परतीच्या बऱ्याच होलना उजवीकडे आउट ऑफ बाउंड्स (खेळाच्या हद्दीबाहेरची जागा). डावीकडे बहुतेक शेजारच्या होलचं फेअरवे (कापलेल्या गवताचा पट्टा) असतं. तिथून पुढचा कोन अवघड होतो, पण चेंडू खेळात राहतो.

प्रश्न : तिथल्या बंकरमधून बाहेर पडायचं तंत्र काय?

उत्तर : तंत्रापेक्षा निर्णय महत्त्वाचा. कोर्सवर 112 बंकर आहेत. त्यांच्या भिंती गवताच्या थरांवर थर रचून उभ्या केलेल्या, जवळजवळ काटकोनात. चेंडू भिंतीपासून तीन-चार फुटांच्या आत असेल तर झेंडा विसरा. आडवं किंवा मागे मारा. तेही अशक्य असेल तर चेंडू अनप्लेएबल (खेळता न येणारा) जाहीर करा. एका पेनल्टीत (दंडाच्या फटक्यात) बंकरमध्येच ड्रॉप मिळतो, म्हणजे चेंडू नव्याने टाकता येतो. दोन पेनल्टीत झेंडा आणि चेंडू यांच्या सरळ रेषेत मागे, बंकरबाहेर. अठराच्या हँडिकॅपला दोन पेनल्टी पुष्कळदा स्वस्त पडते. 1995 च्या ओपन स्पर्धेत दिग्गज गोल्फपटू जॅक निकलॉसला चौदाव्याच्या ‘हेल’ बंकरमधून निघायला चार फटके लागले आणि त्या होलवर 10 झाले.

सतराव्याचा ‘रोड’ बंकर आकाराने लहान, पण भोवतालची जमीन त्याच्याकडेच उतरते. 1978 च्या ओपनमध्ये जपानी खेळाडू त्सुनेयुकी नाकाजिमा ग्रीनवर पोचला होता. त्याचा पटच (पटरने मारलेला चेंडूच) घरंगळत या बंकरमध्ये गेला आणि होल 9 फटक्यांत संपलं. तिथे दुसरा फटका ग्रीनच्या उजव्या पुढच्या कोपऱ्याच्या अलीकडे ठेवा आणि तिथून पटरने वर चढवा. लांब मारू नका: ग्रीनमागचा रस्ता कोर्सचाच भाग आहे, तिथून दंडाशिवाय चेंडू हलवायची सवलत नाही.

प्रश्न : एका ग्रीनवर दोन झेंडे असतात. आपला कोणता?

उत्तर : जाताना पांढरा, परतताना लाल. बहुतेक होल जोडीने एकच ग्रीन वापरतात. जोडीच्या होलांच्या क्रमांकांची बेरीज नेहमी 18 येते: दुसरं-सोळावं, पाचवं-तेरावं असं. पहिलं, नववं, सतरावं आणि अठरावं एवढ्यांनाच स्वतंत्र ग्रीन आहे. पाचवं-तेराव्याचं ग्रीन जवळपास 35 गुंठ्यांचं. चुकीच्या बाजूला चेंडू पडला तर 60-70 यार्डांचा पट मारावा लागतो, म्हणून अंतर झेंड्यापर्यंतचं मोजा, ग्रीनच्या कडेपर्यंतचं नव्हे. ग्रीन आपल्या अपेक्षेपेक्षा संथ असतात, ते मुद्दाम. फार वेगवान केली तर वाऱ्यानेच चेंडू हलतो. 2015 च्या ओपनमध्ये याच कारणाने शनिवारी खेळ कित्येक तास थांबला होता.

प्रश्न : वेळ कशी मिळते? कार्ट असते का?

उत्तर : कोर्स सार्वजनिक आहे. आधी आरक्षण नसेल तर खेळायच्या दोन दिवस आधी ऑनलाइन सोडतीत किमान दोघांची नावं द्या. हँडिकॅपचं प्रमाणपत्र सोबत ठेवा. वैद्यकीय कारण नसेल तर कार्ट मिळत नाही, त्यामुळे बॅग हलकी न्या किंवा कॅडी (बॅग उचलणारा, वाट दाखवणारा मदतनीस) घ्या. पहिल्यांदा जाणाऱ्याने कॅडी घ्यावाच, कारण टीवरून बरेच बंकर दिसतच नाहीत. रविवारी एरवी खेळ बंद असतो आणि गावकरी कुत्री घेऊन कोर्सवर फिरायला येतात. शनिवारी पोचलात तर रविवारी अठराही होल चालून घ्या आणि कोणता बंकर टीपासून किती यार्डांवर आहे ते वहीत टिपून ठेवा.