फ्री नक्की कोणी करायचं?

प्रश्न: सी मधे एक एस्केप फंक्शन लिहिलंय, स्ट्रिंगमधे डबल कोट किंवा बॅकस्लॅश आला की त्याच्या आधी एक बॅकस्लॅश टाकतं. असं काही नसेल तर उगाच मॅलॉक (नवीन मेमरी मागणं) कशाला, म्हणून आलेला पॉइंटरच (स्ट्रिंगचा पत्ता) परत देतो. फ्री करायचं (मेमरी परत द्यायची) की नाही हे कॉलरला, म्हणजे फंक्शन बोलावणाऱ्या कोडला, कळावं म्हणून एक फ्लॅगही देतो. तरी कधी मेमरी लीक होते (फ्री व्हायची राहते), कधी प्रोग्राम ‘इनव्हॅलिड पॉइंटर’ म्हणत आपटतो. काय करू?

उत्तर: फ्लॅग काढून टाका आणि एस्केप करायला काही असो नसो, दर वेळी नवीन मेमरीच द्या. परत आलेली स्ट्रिंग कॉलरची, फ्री त्यानेच करायची, विषय संपला. आत्ता काय होतंय बघा, कोणीतरी साधं लिटरल (कोडमधेच थेट लिहिलेली, मॅलॉकने न घेतलेली स्ट्रिंग) पाठवतं, त्यात कोट नाही म्हणून तेच परत येतं, फ्लॅग बघायचा राहतो आणि लिटरलवर फ्री चालतं, की आपटला. मजा म्हणजे टेस्ट करताना आपण मुद्दाम कोटवाल्याच स्ट्रिंग देतो, त्या सगळ्या पास होतात, मरतो तो साध्या स्ट्रिंगवर! पॅरामीटर कॉन्स्ट (ज्यातली स्ट्रिंग बदलायची नाही असा) असेल तर रिटर्नच्या ओळीत कास्ट मारलाय (जबरदस्तीने टाइप बदललाय) का बघा, तिथे कंपायलर आधीच कुरकुरला असणार.

साइजसाठी दोनदा फिरा, आधी किती कॅरेक्टर एस्केप होणार ते मोजा, मग लांबी अधिक तेवढे अधिक १. तो शेवटचा १ स्ट्रिंग संपल्याची खूण असलेल्या नल कॅरेक्टरसाठी, भले भले विसरतात. मोजायचा कंटाळा असेल तर सरळ लांबीच्या दुप्पट अधिक १ घ्या, प्रत्येक कॅरेक्टर फार तर दोन होणार, त्यामुळे कमी पडत नाही. मॅलॉक फेल झालं तर नल पॉइंटर (कुठेच न दाखवणारा) द्या, कॉलरने वापरायच्या आधी तो तपासायचा, आणि नल पॉइंटरवर फ्री केलं तरी बिघडत नाही, स्टँडर्डच तसं सांगतं.

आता एक सवय सोडावी लागेल. प्रिंटएफच्या आतच एस्केप कॉल करू नका, पॉइंटर हातातून गेला की फ्री कशावर करणार? आधी व्हेरिएबलमधे घ्या. आणि शेवटी सगळं फाइलमधेच जाणार असेल तर मी स्ट्रिंग बनवतच नाही, फंक्शनला फाइल पॉइंटर देतो, एकेक कॅरेक्टर तिथेच लिहून टाकतो, मग मालकीचा प्रश्नच येत नाही.