नगरपरिषदेला उभं राहायचंय, तयारी कधीपासून करू?

प्रश्न : ताई नमस्कार. माझं वय ३४, एका छोट्या नगरपरिषदेच्या गावात राहते. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीत मी एका उमेदवारासोबत घरोघरी फिरले आणि तेव्हाच वाटलं की हे काम मला जमेल. पुढच्या वेळी स्वतः उभं राहायचंय. घरात कुणी राजकारणात नाही, कुठल्या पक्षात नाही, पैसा बेताचाच. घरचे म्हणतात नसत्या भानगडीत पडू नको. आत्तापासून नेमकं काय करू?
एक वाचक भगिनी, सोलापूर जिल्हा

उत्तर : ताई, वेळेत विचारलंत हे फार बरं केलंत. बहुतेक जण प्रभागाच्या आरक्षणाची सोडत निघाली की जागे होतात आणि मग थोड्याच दिवसांत कागद, पक्ष, पैसा, यादी सगळं एकदम अंगावर येतं. तुमच्या हातात वर्षं आहेत. पण ही वर्षं वाढदिवसाचे फ्लेक्स लावण्यात घालवू नका, नगरपरिषद समजून घेण्यात घालवा. मी एक टर्म नगरसेविका होते म्हणून सांगते, निवडून येणं अवघड असतं हे सगळ्यांना माहीत आहे, पण निवडून आल्यावर काय करायचं हे माहीत नसलेली माणसं सभागृहात पाच वर्षं नुसती हात वर करत बसलेली मी बघितली आहेत आणि त्यात चांगल्या मनाची माणसंही होती, याचं मला जास्त वाईट वाटतं.

सुरुवात मतदार यादीपासून करा. राज्य निवडणूक आयोग नगरपरिषदेसाठी वेगळी यादी करत नाही, विधानसभेची यादी घेतो आणि प्रभागाप्रमाणे फोडतो. २०२५ ला १ जुलैची विधानसभा यादी धरली होती. म्हणजे ज्याचं नाव तिथे नाही त्याचं नाव इथे ऐनवेळी घालता येत नाही, प्रारूप यादीवर हरकती घेता येतात त्या फक्त फोडाफोडीतल्या चुकांवर, जसं की घर एका प्रभागात आणि नाव दुसऱ्याच प्रभागात. तर आत्ताच तुमच्या भागाची यादी मिळवा आणि एकेक पान घेऊन एकेक गल्ली करा. एका पानावर साधारण ३० नावं असतात. एवढ्या नावांत काय काय निघतं बघा : सासरे वारून कितीतरी वर्षं झाली, नाव तसंच आहे, सुनेचं नाव अजून माहेरच्या गावात, पोरगं अठरा वर्षांचं होऊन गेलं पण नोंदणीच नाही, भाडेकरू सोडून गेले, आणि कोपऱ्यावरची चार घरं नकाशात पलीकडच्या प्रभागात गेलेली. नवीन नावाला फॉर्म ६, नाव काढायला ७, पत्ता बदलायला किंवा दुरुस्तीला ८. हे फॉर्म भरून द्यायला लोकांना मदत करा, बीएलओला (मतदान केंद्राची यादी सांभाळणारा कर्मचारी) भेटा, पोचपावती ठेवा. हे काम करताना मत मागू नका, गरजच नाही. तुम्ही दारात वही घेऊन उभ्या राहिलात की लोक आपोआप नळाचं, गटारीचं, बंद पडलेल्या दिव्याचं बोलायला लागतात, ते सगळं लिहून घ्या, घर आणि तारखेसकट.

आता त्या वहीतलं एकच काम निवडा, समजा एक तुंबलेली गटार, आणि तिचा कागद शेवटपर्यंत शोधा. रहिवाशांच्या सह्यांचा अर्ज आवक-जावकला द्या आणि शिक्का मारून घ्या, तिथून तो बांधकाम विभागात कुणाच्या टेबलावर गेला ते विचारा, अभियंत्याने अंदाजपत्रक केलं का, पैसा कुठल्या लेखाशीर्षातून (अर्थसंकल्पातल्या कुठल्या खात्यातून) येणार, सभेचा ठराव झाला का, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश, मग काम, मग मोजमाप पुस्तक आणि शेवटी बिल. एवढ्या पायऱ्या असतात आणि काम यातल्या कुठल्याही एका पायरीवर वर्षभर अडकून राहू शकतं. जिथे अडकलंय ती पायरी ज्याला सापडते त्याचं काम होतं, बाकीचे साहेबांच्या केबिनमध्ये आवाज चढवून घरी येतात. कागद देत नसतील तर माहितीचा अधिकार आहेच, २००५ चा कायदा, साधा अर्ज, पण आधी गोडीने मागा, बऱ्याचदा मिळतात. एक गटार अशी पूर्ण करून दाखवलीत तर प्रभागात तुमची जी ओळख होईल ती कुठल्याच बॅनरने होणार नाही.

हे मी का सांगतेय, तर एकट्या नगरसेवकाला कायद्याने अधिकार जवळजवळ नाहीत. महाराष्ट्रात नगरपरिषदा १९६५ च्या अधिनियमाने चालतात, त्यात अधिकार आहे सभागृहाला, विषय समित्यांना, नगराध्यक्षांना आणि अंमलबजावणी मुख्याधिकाऱ्यांकडे. नगरसेवक कर्मचाऱ्याला परस्पर आदेश देऊ शकत नाही. आणि ठराव झाला तरी तो बेकायदा किंवा लोकहिताविरुद्ध वाटला तर जिल्हाधिकारी कलम ३०८ खाली थांबवू शकतात. त्यामुळे प्रचारात "मी रस्ता करून देईन" असं बोलू नका, "या रस्त्याचा विषय सभेत आणीन, अर्थसंकल्पात तरतूद धरायला लावीन" असं बोला. ऐकायला कमी वाटतं पण खरं आहे, आणि पाच वर्षांनी तोंड दाखवायचं असतं.

अर्थसंकल्पाचं पुस्तक मिळवा आणि जमेची बाजू आधी वाचा. घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं किती आणि सरकारी अनुदान किती, हे एकदा कळलं की गावाची खरी ताकद कळते. छोट्या नगरपरिषदांचा बराचसा पैसा वरून येतो आणि तो कशावर खर्च करायचा हेही वरूनच ठरलेलं असतं. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २६ च्या अनुदानात लहान शहरांसाठी ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेली होती, म्हणजे कुणी कितीही म्हटलं की त्यातून चौक सुशोभित करू, तरी नाही करता येत. हे ज्याला माहीत आहे त्याच्या बोलण्याला सभागृहात वजन येतं.

आपल्याकडे तर मधली काही वर्षं निवडणुकाच झाल्या नाहीत, ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात, २०२१-२२ च्या सुमाराला मुदत संपलेल्या कितीतरी नगरपरिषदांवर प्रशासक, शेवटी ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने आदेश दिला तेव्हा गाडी हलली. त्या काळात लोक म्हणायचे की नगरसेवक नसतानाही कचरागाडी येतेच की. येते, बरोबर आहे. पण करवाढ करायची का, कुठल्या वस्तीत पाइपलाइन आधी टाकायची, यावर उघड चर्चा करणारं कुणी नव्हतं, निर्णय एका सहीवर होत होते. मला हे मनापासून टोचतं, म्हणूनच तुमच्यासारखी माणसं यायला हवीत असं वाटतं.

पक्ष की अपक्ष? बऱ्याच नगरपरिषदांत प्रभागात दोन सदस्य आणि वर नगराध्यक्ष थेट जनतेतून, म्हणजे मतदाराला तीन बटणं दाबायची असतात. पॅनलमध्ये, म्हणजे एकत्र लढणाऱ्या उमेदवारांच्या गटात, असलं की एकाच्या मागे दुसऱ्याचं मत येतं, अपक्षाला प्रत्येक दारात आधी मशीन समजावून सांगावं लागतं की प्रभागातल्या दोन जागांपैकी माझी जागा अ ची का ब ची. पक्षाकडून लढायचं तर ए-बी फॉर्म (पक्षाची अधिकृत उमेदवारी देणारे कागद) हातात पडेपर्यंत काही खरं नसतं, मुदत संपता संपता नाव बदललेलं मी पाहिलंय. दोन्ही दारं उघडी ठेवा, पण पक्षाच्या भरवशावर घरोघरीचं काम थांबवू नका. आणि अपक्ष म्हणून निवडून आलात तर नंतर कुठल्या पक्षात उडी मारता येत नाही, १९८६ चा सदस्य अनर्हता (म्हणजे अपात्रता) कायदा अपक्षालाही लागतो.

पैशाचं स्पष्ट बोलते. २०२५ ला सदस्यपदासाठी खर्चमर्यादा अ वर्ग नगरपरिषदेत ५ लाख, ब मध्ये साडेतीन आणि क मध्ये अडीच लाख होती. (४० हजारांपर्यंत लोकसंख्या ती क, १ लाखाच्या वर ती अ.) मर्यादा म्हणजे तेवढा खर्च करायलाच हवा असं नाही. निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं काढा, रोजचा हिशोब रोज लिहा आणि निकालानंतर ३० दिवसांत सादर करा, हरलात तरी करा, नाहीतर आयोग पुढच्या निवडणुकांसाठी अपात्र ठरवू शकतो. पडलेले उमेदवार नेमकं हेच विसरतात. मतामागे पाकिटं वाटायला लागणार असतील तर उभ्या राहू नका, कर्ज काढून तर अजिबात नको. ते पैसे वसूल करायचे तर ठेकेदाराकडूनच करावे लागतात आणि मग त्याच ठेकेदाराच्या खराब रस्त्यावर सभेत बोलायला तोंड राहत नाही.

घरच्यांना मात्र सोबत घ्या. रात्री दहाला फोन येणार आहेत, ते त्यांना आधी माहीत असलेलं बरं.


प्रश्न : माझे मिस्टर नगरपरिषदेची छोटी बांधकामं घेतात आणि आमच्या घराचा मागचा भाग परवानगीशिवाय वाढवलेला आहे. मी उभी राहिले तर अडचण येईल का?
एक वाचक, नाशिक जिल्हा

उत्तर : येईल, आणि निवडून आल्यावर जास्त येईल. नगरपरिषदेच्या ठेक्यात स्वतःचा किंवा भागीदाराचा हितसंबंध असेल तर अपात्रता लागू शकते, मिस्टरांच्या कामात तुमचं नाव, तुमचं खातं, तुमची भागीदारी कुठे आहे का ते वकिलाला कागद दाखवून तपासा. माझं मत विचाराल तर त्यांनी तुमच्या नगरपरिषदेची कामं घेणं थांबवावं, कायद्यात बसलं तरी लोकांच्या नजरेत बसत नाही. वाढीव बांधकामाचं तर नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ४४ मध्ये सरळ आहे, स्वतः, जोडीदाराने किंवा अवलंबून असलेल्याने अनधिकृत बांधकाम केलं तर पद जाऊ शकतं, आणि विरोधक पहिला अर्ज त्याचाच टाकतात. नियमित करता येत असेल तर आत्ताच करून घ्या, नाहीतर पाडा.


प्रश्न : मी २२ वर्षांचा आहे, ओबीसी. जातीचा दाखला आहे, एवढ्यावर चालेल ना?
एक वाचक, बुलढाणा जिल्हा

उत्तर : वयाचं ठीक आहे, २१ पूर्ण लागतं. दाखल्यावर भागणार नाही, राखीव जागेला जात वैधता प्रमाणपत्र लागतं. जात पडताळणी समितीकडे केलेल्या अर्जाची पावती जोडून उमेदवारी भरता येते खरी, पण मग ठरलेल्या मुदतीत वैधता आणून दिली नाही तर निवडून आलेलं पद जातं. आजोबा-पणजोबांचे शाळेचे, महसुलाचे जुने कागद शोधायला वेळ लागतो, या उन्हाळ्यातच लागा कामाला. अजून लग्न नाही असं धरते, तरी माहीत असू दे : १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं किंवा त्यापुढचं अपत्य झालं तर उभं राहता येत नाही. आणि घरपट्टी-पाणीपट्टी थकवू नका.


प्रश्न : ताई, मी डिसेंबरात पहिल्यांदाच निवडून आले. सभेत विषय पटापट मंजूर होतात, मला बोलायलाच मिळत नाही. आणि अधिकारी माझ्याऐवजी माझ्या नवऱ्याला फोन करतात.
एक नगरसेविका, विदर्भ

उत्तर : अभिनंदन आधी! विषयपत्रिका घरी आली की त्याच दिवशी बसा आणि प्रत्येक विषयासमोर लिहा, किती रुपये, कुठल्या शीर्षातून, कुठल्या भागात. सगळ्यावर बोलू नका, दोनच विषय धरा आणि त्यांच्या फायली सभेच्या आधी कार्यालयात बसून वाचा. पहिला विषय मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करण्याचा असतो, तो सगळे झटकन सोडतात आणि तिथेच घोळ होतो, मागच्या वेळी तुम्ही विरोध केला असेल आणि इतिवृत्तात "सर्वानुमते" आलं असेल तर तेव्हाच उभं राहून नोंद दुरुस्त करायला सांगा. शेवटी ऐनवेळचे विषय येतात, तेव्हा निम्मे लोक उठलेले असतात, तुम्ही बसून राहा. विरोध असेल तर तो नावासह लेखी द्या आणि पोच घ्या, उद्या चौकशी लागली तर तोच कागद तुम्हाला वाचवतो. बोलू देत नसतील तर पुढच्या सभेआधी आपला विषय लेखी देऊन विषयपत्रिकेवर घ्यायला सांगा.

दिव्यांगांसाठीचा ५ टक्के निधी दरवर्षी पूर्ण खर्च होतो का, एवढा एकच प्रश्न पुढच्या सभेत आकड्यांसकट विचारून बघा, हा विषय कुणाच्याच विरोधात जात नाही आणि नवीन सदस्याला पाय रोवायला चांगला आहे.

फोनचं म्हणाल तर मुख्याधिकाऱ्यांना एक पत्र द्या की कामकाजाचा पत्रव्यवहार आणि फोन माझ्याच नंबरवर करावा, खाली तुमची सही. जागा महिलेसाठी राखीव असो वा नसो, निवडून तुम्ही आलात. ५० टक्के आरक्षण २०११ पासून आहे आणि अजूनही कित्येक ठिकाणी खुर्चीवर नवरा बसलेला दिसतो, हे बघून संताप येतो. नवऱ्याशी घरी शांतपणे बोला, गाडी चालवणं, लोकांना निरोप देणं, कागद शोधणं यात त्यांची मदत जरूर घ्या, पण अधिकाऱ्याचा फोन आला की "मॅडमशी बोला" म्हणून तो तुमच्या हातात द्यायला सांगा.